‘वर्गात असंच होतं’ याला पुरावा काय?

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. एकवीस वर्षं इंग्रजी शिकवल्यावर यंदा मी पुन्हा विद्यार्थिनी झाले. भाषाध्यापनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला. मुलं मोठी झाली, वेळ हाताशी आला आणि इच्छा तर कितीतरी वर्षांची होती.

पहिला निबंध ‘विद्यार्थ्यांच्या चुका आणि त्यांची दुरुस्ती’ या विषयावर होता. वाटलं, हा तर आपल्या हातचा विषय. चौदा पानं एका बैठकीत लिहिली. निबंध काठावर पास होऊन परत आला. समासात सात ठिकाणी एकच शेरा : ‘पुरावा?’ ‘चूक तिथल्या तिथे सुधारली नाही तर ती पक्की होते’ या माझ्या वाक्याखाली दोन प्रश्नचिन्हं आणि पुढे ‘हे तुमचे मत आहे’. ताई, मत कसलं? एकवीस वर्षं डोळ्यांनी पाहिलंय मी हे. माझ्या शेजारी बसणाऱ्यांनी एक दिवस वर्गात काढलेला नाही, पण चार नावं आणि चार सालं टाकली की त्यांना चांगले गुण मिळतात. मला एक शोधनिबंध वाचायला तीन संध्याकाळी लागतात.

त्याहून वाईट गोष्ट वर्गात घडली. एक मुलगा ‘शी गो’ म्हणाला. एरवी मी क्षणात ‘गोज’ म्हटलं असतं. परवा मी नुसती उभी राहिले. सुधारू की नको, कसं सुधारू, यावर डोक्यात वाद सुरू झाला आणि सगळा वर्ग माझ्याकडे बघत राहिला. हातचं होतं तेही जातंय की काय? अभ्यासक्रम सोडून द्यावा का?
– एक शिक्षिका

उत्तर : तुमचं ते वाक्य मी वहीत उतरवून घेतलं आणि दोन दिवस समोर ठेवलं. ‘चूक तिथल्या तिथे सुधारली नाही तर ती पक्की होते.’ मीही ते बावीस वर्षं मानत होते. नव्या शिक्षकांना ठासून सांगत होते. सत्तेचाळिसाव्या वर्षी एम.ए.ला बसले तेव्हा माझ्याही पहिल्या निबंधात त्याच अर्थाचं वाक्य होतं आणि त्याखाली तशीच रेघ आली होती. ती रेघ बघून पोटात खड्डा पडला होता, म्हणून तुमचं पत्र मी सगळ्यांत आधी उत्तराला घेतलं.

त्या वाक्याला आता आपणच एकेक प्रश्न विचारू. कुठली चूक? उच्चाराची, शब्दाची की व्याकरणाची? ‘तिथल्या तिथे’ म्हणजे मुलाचं वाक्य मध्येच तोडून की ते पुरं झाल्यावर? सुधारली कुणी, तुम्ही की त्याने स्वतः? ‘पक्की झाली’ हे कधी ठरवलं, आठवड्याने की वर्षाने? आणि ज्या चुका तुम्ही कधीच सुधारल्या नाहीत तरी काळाने गेल्या, त्यांची मोजदाद कुणी ठेवली? हा शेवटचा प्रश्न मला सर्वांत जड गेला. उरलेल्या चुका शिक्षकाला रोज दिसतात. गेलेली चूक दिसत नाही, कारण ती गेलेली असते. एकवीस वर्षं तुम्ही जे पाहिलं ते खरंच पाहिलं, पण त्यात ही बाजू नजरेआड राहिली असणार, माझी राहिली होती तशीच.

तपासणाऱ्यांनी ‘पुरावा?’ हा एकच शब्द सात वेळा लिहिण्याऐवजी यातले दोन प्रश्न जरी लिहिले असते, तरी तुम्हाला रात्रभर तळमळावं लागलं नसतं. तो त्यांचा कामचुकारपणा आहे, असं मला स्पष्ट वाटतं. प्रश्नचिन्हं मात्र योग्य जागी पडली आहेत.

एक गोष्ट सांगते. माझ्या वर्गात एक मुलगी होती, ‘आय वेन्ट’ बिनचूक म्हणायची. दोन-तीन महिन्यांनी ती ‘आय गोएड’ म्हणायला लागली. मी तिच्या वहीवर लिहिलं, ‘लक्ष नाही. आधी येत होतं.’ पालकांना बोलावून तेच सांगितलं. मुलगी मान खाली घालून उभी होती. पुढे अभ्यासात वाचलं, की ‘वेन्ट’ हा शब्द मूल आधी अख्खा पाठ करतं. मग एक दिवस त्याला भूतकाळाचा नियम स्वतःच्या स्वतः सापडतो आणि ते तो सगळीकडे लावून बघतं. तेव्हा ‘गोएड’ येतं. अपवाद वेगळे काढायला ते त्यानंतर शिकतं. जन्मापासून इंग्रजी बोलणारी मुलंही हेच करतात. बाहेरून घसरगुंडी दिसते, आत मूल एक पायरी चढलेलं असतं. पिट कॉर्डर या भाषाशास्त्रज्ञांनी 1967 मध्येच मांडलं होतं, की चुकांमधून शिकणाऱ्याने मनात बांधलेली व्यवस्था दिसते. त्या मधल्या व्यवस्थेला लॅरी सेलिंकर यांनी 1972 मध्ये ‘इंटरलँग्वेज’ हे नाव दिलं. ते पान वाचताना मला ती वही आठवली, माझं अक्षर आठवलं. मधे अकरा वर्षं गेली होती. ती मुलगी आता कुठे आहे, मला माहीत नाही.

तुमच्या शेजारी बसणाऱ्या मुलांना कॉर्डर हे नाव ठाऊक आहे, ती वही ठाऊक नाही. तुमच्याकडे अशा शंभर वह्या आहेत. त्या अजून प्रश्नाच्या रूपात तुमच्यासमोर आलेल्या नाहीत, एवढंच.

आता तुमच्या ‘शी गो’कडे येते. तुम्ही ‘गोज’ म्हणता, मुलाच्या वाक्याचं शुद्ध रूप त्याला परत देता, याला ‘रीकास्ट’ म्हणतात. रॉय लिस्टर आणि लीला रँटा यांनी 1997 मध्ये कॅनडातल्या वर्गांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. तिथे मुलं इतर विषयही फ्रेंचमधून शिकत होती. चार शिक्षकांचे मिळून अठरा तासांहून जास्त तास ध्वनिमुद्रित करून त्यांनी एकेक दुरुस्ती मोजली. शिक्षकांनी केलेल्या दुरुस्त्यांपैकी 55 टक्के रीकास्ट होत्या. मुलांनी त्यांना कसला तरी प्रतिसाद दिला तो फक्त 31 टक्के वेळा. जिथे शिक्षक मध्येच थांबले, ‘शी...?’ असं वाक्य अर्धं सोडून मुलाकडूनच उत्तर काढलं, तिथे प्रतिसाद दर वेळी आला. पण ही पद्धत वापरली गेली होती जेमतेम 14 टक्के वेळा.

हे वाचून मी दुसऱ्याच दिवशी रीकास्ट बंद करायला निघाले होते. तसं करू नका. प्रतिसाद आला म्हणजे मूल शिकलं असं नाही, आणि गप्प राहिलं म्हणजे शिकलं नाही असंही नाही. पुढच्या संशोधकांनी यावर बरंच भांडण केलं आहे. शिवाय तृतीयपुरुषी एकवचनाचा तो ‘स’ ही इंग्रजीत उशिरा पक्की होणारी गोष्ट आहे. नियम पहिल्याच वर्षी सांगितलेला असतो, तोंडी परीक्षेत पाठ म्हणता येतो आणि बोलताना कित्येक वर्षं गळतो. तुमच्या त्या मुलाचा ‘शी गो’ हलगर्जीपणा नसण्याचीच शक्यता जास्त.

लेखी दुरुस्तीतही एकमत नाही. व्याकरणाच्या लेखी दुरुस्तीचा उपयोग होत नाही, ती सोडून द्या, असं जॉन ट्रस्कॉट यांनी 1996 मध्ये लिहिलं. डॅना फेरिस यांनी 1999 मध्ये त्यांना उत्तर दिलं आणि तो वाद पुढे वर्षानुवर्षं चालला. म्हणजे तुमच्या निबंधाचा विषय अजून खुला आहे. तुमच्या चौदा पानांत तो बंद झालेला होता, म्हणून ती प्रश्नचिन्हं.

माझ्यापुरता अभ्यास खऱ्या अर्थाने सुरू झाला तो एका ध्वनिमुद्रणाने. मुलांची, त्यांच्या पालकांची आणि शाळेची लेखी संमती घेऊन (हे आधी करा, मुलं आपल्या हाताखालची असतात, त्यांना नाही म्हणायला खरोखर मोकळीक हवी) मी फोन टेबलावर ठेवला आणि नेहमीसारखा तास घेतला. त्यातली अकरा मिनिटं शब्द न् शब्द उतरवून काढायला सुट्टीचा अख्खा दिवस गेला. वर्गातल्या मागच्या बाकावर एक मुलगा होता, कधीच तोंड न उघडणारा. असं मी धरून चालले होते. ध्वनिमुद्रणात त्याचा आवाज ‘बिकॉज...’ म्हणतो आणि त्यावर माझा आवाज चढतो, उत्तर देऊन मोकळा होतो. मी मागे नेऊन पुन्हा ऐकलं. पुन्हा तेच. अकरा मिनिटांत तीन वेळा तो ‘बिकॉज’पर्यंत आला होता आणि तिन्ही वेळा मी त्याला पुढे जाऊ दिलं नव्हतं. घड्याळ लावून मोजलं. प्रश्न विचारल्यावर मी एक सेकंदसुद्धा थांबत नव्हते. मुलांना विचार करायला भरपूर वेळ देते, असं मी शपथेवर सांगितलं असतं.

नंतर कळलं, की मेरी बड रो या संशोधिकेने 1970 च्या दशकात विज्ञानाच्या वर्गांत हेच मोजलं होतं : शिक्षक सरासरी एकच सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबले की उत्तरं लांबतात, एरवी गप्प बसणारी मुलं बोलतात. मी मनात एक-दोन-तीन म्हणायला लागले. पहिले काही दिवस ती शांतता अंगावर येते. तिसऱ्या आठवड्यात त्या मुलाने ‘बिकॉज’च्या पुढचं वाक्य पुरं केलं.

या अकरा मिनिटांमुळे मला ‘पुरावा’ या शब्दाची भीती वाटेनाशी झाली. अनुभव वर्गाच्या पुढच्या बाजूने दिसलेला असतो, आणि आठवतानाही आपण त्यातलं काही गाळतो, काही जुळवतो. तो त्याच वेळी टिपून ठेवला आणि नंतर दुसऱ्या कशाशी ताडून पाहिला की अभ्यासाला वापरता येतो. रिचर्ड श्मिट हे भाषाशास्त्रज्ञ ब्राझीलमध्ये पाच महिने राहून पोर्तुगीज शिकले. ते रोजनिशी लिहीत होते आणि मधून मधून स्वतःची संभाषणं ध्वनिमुद्रित करत होते. सिल्व्हिया फ्रोटा यांच्याबरोबर त्यांनी दोन्ही ताडून पाहिलं. आजूबाजूच्या बोलण्यातल्या ज्या गोष्टी ‘अरे, हे असं म्हणतात तर!’ अशा त्यांच्या ध्यानात आल्या होत्या, त्याच पुढे त्यांच्या बोलण्यात उतरलेल्या दिसल्या. 1986 मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि 1990 मध्ये त्यांनी ‘नोटिसिंग’चा, म्हणजे ध्यानात येण्याचा, सिद्धान्त सविस्तर मांडला. त्याची सुरुवात एका माणसाच्या स्वतःच्या अनुभवातून झाली, हे तुम्ही लक्षात ठेवावं असं मला फार वाटतं. फरक एवढाच, की त्यांनी तो तारखेसह लिहून ठेवला होता.

तेव्हा निबंध पुन्हा लिहायला मिळणार असेल, तर ते वाक्य असं करून बघा : ‘माझ्या वर्गांत तोंडी दुरुस्तीनंतरही काही व्याकरणविषयक चुका दीर्घकाळ टिकलेल्या मला आढळल्या. या निरीक्षणामागे दुरुस्तीचा प्रकार किती आणि शिकणाऱ्याची अवस्था किती, हे तपासण्यासाठी...’ आणि पुढे लिस्टर-रँटा, पुढे त्यांच्यावरचे आक्षेप, पुढे तुमच्या वर्गातले दोन प्रसंग तपशिलासकट. तुमचं म्हणणं यात राहिलंच आहे. पहिल्यांदा असं लिहिताना आपण बिचकून बोलतोय असं वाटतं. वर्गात ‘कदाचित’ म्हणून चालत नाही ना, फळ्यासमोर ठामपणाच लागतो. निबंधात मात्र जेवढं ठाऊक आहे तेवढंच म्हणायचं, आणि त्याची हद्द आपणच सांगायची.

वर्गात थबकलात त्याची काळजी करू नका. हातात मुरलेलं काम कसं करतो हे बघायला गेलं की हात अडखळतो. टायपिंग येणाऱ्याने बोटांकडे पाहिलं की चुका होतात, तसंच. माझं जवळजवळ एक सत्र असं गेलं. मी स्वतःला एक शिस्त लावून घेतली : वर्गात असताना जुन्या सवयीने, बिनधास्त शिकवायचं. तास संपल्यावर दार ओढून पाच मिनिटं बसायचं आणि तीन ओळी लिहायच्या. काय झालं, मी काय केलं, मुलाने पुढे काय केलं. एवढंच, टीका नाही. अशा दोन वह्या भरल्या आणि माझ्या प्रबंधाचा विषय त्यांतच सापडला.

एन. एस. प्रभू या भाषाध्यापनतज्ज्ञांनी 1990 मध्ये ‘सर्वोत्तम पद्धत अशी नसते’ असं सांगताना एक मुद्दा मांडला, तो मी अजून धरून आहे. शिकवण्यातून शिकणं कसं घडतं याची प्रत्येक शिक्षकाची स्वतःची एक समजूत असते आणि ती जिवंत असणं महत्त्वाचं. ती थिजली, शिकवणं नुसतं यांत्रिक झालं, की खरा धोका. तुम्ही ‘शी गो’ ऐकून थांबलात, त्या क्षणी तुमची समजूत हलत होती. अभ्यासक्रम सोडू नका.

वाचनाचं थोडक्यात सांगते. शोधनिबंध पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचत बसू नका, मीही तीन-तीन संध्याकाळी त्यातच घालवल्या. आधी सारांश, मग शेवटची चर्चा, मग ‘कुणावर, किती जणांवर, किती दिवस’ एवढं शोधायचं. आकडेमोडीचा भाग पहिल्या वाचनात सोडला तरी चालतो. वाचून झाल्यावर कागद मिटून चार ओळी स्वतःच्या भाषेत लिहायच्या, मराठीत लिहिल्या तरी उत्तम. संदर्भ पहिल्या दिवसापासून झोटेरोसारख्या मोफत साधनात ठेवा, नाही तर शेवटच्या आठवड्यात स्वल्पविराम शोधत बसाल.

शेजारच्या त्या मुलांपैकी एकाला ध्वनिमुद्रण ऐकायला बोलवा. मी बोलावलं होतं. माझ्या निम्म्या वयाची मुलगी, कधी शिकवलेलं नाही. तिने पहिल्याच मिनिटाला विचारलं, ‘तुम्ही प्रत्येक उत्तराला गुड का म्हणता?’ मी बरोबर उत्तरालाही म्हणत होते आणि चुकीच्याही.

प्रश्न : मॅडम, प्रौढांना इंग्रजी शिकवण्याचा पंधरा वर्षांचा अनुभव आहे. सेल्टा करू, डेल्टा करू की एम.ए.? नोकरीमुळे एकच काहीतरी जमेल.
– एक वाचक

उत्तर : सेल्टा आणि डेल्टा या दोन्ही केंब्रिजच्या, इंग्रजी शिकवणाऱ्यांसाठीच्या पात्रता. सेल्टा प्रामुख्याने नव्याने शिकवू लागणाऱ्यांसाठी आहे. काही संस्था नोकरीसाठी तोच कागद मागतात. तेवढी गरज असेल तरच करा.

डेल्टा अनुभवी शिक्षकांसाठी आहे आणि त्याचे तीन भाग आहेत : लेखी परीक्षा, निरीक्षणाखाली घेतलेले तास आणि एक मोठा लेखी प्रकल्प. ते वेगवेगळे करता येतात, नोकरी सांभाळणाऱ्याला हे सोयीचं पडतं. दुसऱ्या भागात कुणीतरी मागे बसून तुमचा तास बघतं आणि नंतर प्रत्येक निर्णयाचं कारण विचारतं. पंधरा वर्षांत असं कुणी विचारलं नसेल, तर तो अनुभव फार मोलाचा ठरतो.

एम.ए. निवडावं ते एखादा प्रश्न पाठ सोडत नसेल तर. माझे दोन सहकारी ‘पुढची पायरी’ म्हणून एम.ए.ला आले आणि प्रबंधाच्या वेळी विषयच सुचेना म्हणून हैराण झाले. तुमच्याकडे असा प्रश्न आहे का ते बघण्यासाठी अर्ज भरण्याआधी महिनाभर प्रत्येक तासानंतर तीन ओळी लिहा. महिन्याने वही वाचताना एकच गोष्ट चार-पाच ठिकाणी दिसली, तर एम.ए.चा अर्ज भरा. ओळींमध्ये ‘हा तास असा घ्यायला हवा होता’ हेच जास्त असेल, तर डेल्टा. दुसऱ्या महिन्यात काय ठरलं ते मला कळवा.